मागच्या पागेचे काय?

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाडा ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री पालिकेने पाडावयास घेतला आणि दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा तिथे दगडमातीचा ढिगारा होता. १८४८ साली याच वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तेरा वर्षे वाडा कोर्टात होता. अखेर उच्च न्यायालयाने आणि त्यामागून सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूने कौल दिला आणि राष्ट्रीय स्मारकाचा मार्ग मोकळा झाला. मार्ग मोकळा झाला म्हणजे काय झाले? तर ज्याचे स्मारक करावयाचे ते आधी पाडले! वाडा पार मोडकळीला आला होता, तो उभा ठेवणे धोक्याचे होते, असे सांगतात आणि ते खरेही असेल. परंतु एखाद्या वास्तूसाठी इतकी वर्षे भांडावे आणि जिंकून झाल्यावर हातात नुसती जागा उरावी, ही जिंकण्याची तऱ्हा काही माझ्या पचनी पडत नाही.

त्याच पुण्यात गंज पेठेत जोतीरावांचे राहते घर आहे. ते राज्य सरकारने संरक्षित केले आहे आणि आज ते उभे आहे. त्या घराचे थोरपण कशात आहे, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. खांबांत नाही, तुळयांत नाही. तसली घरे त्या काळी पेठेपेठेत होती. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला, त्यात ते आहे. म्हणजे त्या घरातली सर्वांत मोठी घटना घरात घडलीच नाही. ती घराबाहेर, आवारात, पाण्यापाशी घडली. उद्या कोणी फीत घेऊन आला आणि ‘चार भिंती नि छप्पर एवढेच घर, बाकीचे आवार मोकळे’ असे म्हणून त्याने आखणी केली, तर त्याच्या हाती काय लागेल? घर लागेल आणि जोतीराव निसटतील.

हे सारे मला सुचण्याचे कारण आमचे नाशिक.

जुन्या नाशकातल्या एका वाड्याविषयी गेल्या उन्हाळ्यापासून खल चालला आहे. वाड्याचे नाव मी सांगत नाही. तिथे भाऊबंदकी आहे, भाडेकरू आहेत, दोनतीन दावे आहेत. त्यात माझ्या लेखाची भर कशाला? वाडा दोन चौकी आहे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी सांगाडा, सुरूदार खांब, खांबांवर महिरपी, माजघरावर कडीपाट. गल्लीतून जाणारा परगावचा माणूस दिंडीदरवाज्याशी थबकतो आणि मोबाइल काढून चित्र घेतो, इतपत त्याचा तोंडवळा अजून शाबूत आहे. मागे परसात विहीर आणि विहिरीच्या पलीकडे पाच खणांची पागा. घोडी गेली तेव्हा तिथे बैल आले, बैल गेले तेव्हा लाकडाची वखार आली, आणि मधल्या काळात कोणा मास्तरांनी तिथे रात्रीचे वर्ग चालवले म्हणतात. भिंतीत खुंटे आहेत, दगडी गव्हाण आहे, आणि एका कोपऱ्यात मोतद्दाराच्या चुलीने काळी पडलेली भिंत आहे.

या वाड्याला गावाचा वारसा म्हणून दर्जा मिळावा असा अर्ज करावयाचे ठरले. चार शहाणी माणसे जमली. “मास्तर, तुमचा हात लिहिता आहे,” म्हणून मलाही बोलावणे आले. बोलणी छान चालली होती. मग तोड निघाली : दर्शनी वाडा ठेवू, पागा पाडू, मागे आठदहा गाड्या उभ्या राहतील, भाडेकरूही खूश, मालकही खूश. सगळ्यांच्या माना डोलल्या. मी विचारले, “आणि पागेचे काय?” तेव्हा एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, “मास्तर, पागेत आहे काय? चार खुंटे आणि एक गव्हाण. इतिहास पुढे आहे.”

इतिहास पुढे आहे! हे वाक्य मी घरी आणले आणि तेव्हापासून ते मला स्वस्थ बसू देत नाही. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

वाडा म्हणजे काय, हे आपण विसरलो आहो. सिनेमातला वाडा पाहून पाहून आपली समजूत झाली आहे की वाडा म्हणजे झोपाळा, तुळशीवृंदावन आणि नऊवारीतली सासू. वाडा हे एक चालते यंत्र होते. पंचवीसतीस माणसे जेवत, तर त्यांच्यासाठी दळणारे, पाणी शेंदणारे, लाकडे फोडणारे, जनावरांचे दाणावैरण पाहणारे हात लागत. ते हात ओसरीवर बसत नसत. ते मागे असत. पागेत मोतद्दार, गोठ्यात गडी, परसात धुणेभांडे करणाऱ्या बायका. आणि माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बाळंतीण किंवा केशवपन केलेली आत्या. पेशवाईचा हिशेब ओसरीवर लिहिला जात असेल, पण पेशवाई चालत होती ती मागच्या अंगाने. मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे ही गोष्ट मला धंद्यानेच कळते. ओसरीवर माणसे बोलतात ते ऐकून घेण्यासारखे असते; परंतु प्रकरण पुढे सरकते ते मागच्या दाराने. कोण कोणाला भेटले, कोण रात्रीतून निघून गेले, कोणाला काय निरोप पोहोचला, हे सारे घोड्याचे खोगीर घालणाऱ्याला आधी कळते आणि मालकाला मागून.

म्हणून जेव्हा आपण पुढचा वाडा ठेवतो नि पागा पाडतो तेव्हा आपण निम्मी वास्तू वाचवीत नाही. आपण एक खोटी वास्तू तयार करतो. जिथे कोणी राबत नव्हते, जिथे कोणी बाहेर झोपत नव्हते, अशी. अशा वाड्यात पोरांना सहलीला नेऊन मी काय सांगू? की इथले लोक हवेवर जगत?

इथे माझे काही मित्र मला अडवतील. ते म्हणतील, या वाड्यांचे तुम्हाला एवढे प्रेम का? ज्यांना वाड्याच्या दारात उभे राहू दिले जात नव्हते त्यांनी तो जपण्यासाठी का झिजावे? प्रश्न रास्त आहे आणि नाशकात तर तो विशेष रास्त आहे. याच गावात २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला, आणि दार काही उघडले नाही. १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तीही आमच्याच जिल्ह्यात, येवल्याला. तेव्हा नाशकातल्या माणसाने ‘वारसा’ हा शब्द जपून उच्चारावा, हे मला मान्य आहे. पण या आक्षेपाचे उत्तर वाडा पाडणे हे नव्हे. काळारामाचे ते दार आज आहे म्हणून तर तिथे उभे राहून ‘या दारात हे घडले’ असे सांगता येते. दार नसते तर सत्याग्रह पुस्तकातला एक परिच्छेद झाला असता. पागेचेही तेच. ज्यांना ओसरीवर मज्जाव होता त्यांच्या राबण्याची खूण वाड्यात कुठे असेल तर ती मागेच असेल. ती पाडून पुढचे नक्षीकाम जपणे म्हणजे ज्यांना एकदा बाहेर ठेवले त्यांना पुन्हा एकदा बाहेर काढणे. माझ्या मित्रांनी पागेसाठी माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात भांडले पाहिजे.

आता कायद्याकडे वळतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कायद्याची पुस्तके मला जड जातात. पण दोनचार गोष्टी समजून घेतल्याखेरीज या विषयावर तोंड उघडू नये, म्हणून त्या समजून घेतल्या.

लोकांच्या मनात दोन गोष्टींचा घोटाळा आहे. केंद्र सरकारचा १९५८ चा कायदा आहे, त्याखाली आपली पांडवलेणी येतात. त्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरांत नवे बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगीने, असा दंडक आला. गल्लीतल्या माणसाने ‘वारसा’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे हे १०० मीटर उभे राहतात आणि तो दार लावून घेतो. राज्याचा १९६० चा कायदा निराळा. सराफ बाजारातला आपला सरकारवाडा त्याखाली संरक्षित आहे. हे दोन्ही मोठ्या मानाचे दर्जे. आपण जो मागतो आहो तो तिसरा आणि धाकटा. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २२ मध्ये शहराच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू जपण्याची तरतूद करता येते. मुंबईने १९९५ मध्ये अशा इमारतींची यादी नियमांत बसवली आणि त्यांच्या प्रती ठरवल्या. पहिल्या प्रतीत देशाचे भूषण, खालच्या प्रतीत आपल्या पेठेला आपल्या पेठेसारखे दिसू देणारी साधी घरे. २०२० च्या राज्यव्यापी एकत्रित नियमावलीतही वारसा इमारतींची सोय आहे. म्हणजे गावाला आपले घर आपले म्हणण्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. शेजाऱ्याचे बांधकामही १०० मीटरांच्या दंडकाने अडत नाही. फक्त या घराला हात लावण्याआधी विचारा, एवढेच.

आणि आवाराचे? इंग्लंडात १९९० चा कायदा आहे. एखादे घर तिथल्या यादीत चढले की त्याच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असलेले बांधकाम, मग तो तबेला असो, कुंपणाची भिंत असो की खुराडे असो, त्या घराचाच भाग धरला जातो. वेगळा अर्ज नाही, वेगळी खटपट नाही. इंग्रज आपल्याकडून पुष्कळ काही घेऊन गेला. १८१८ साली नाशकातून पेशव्यांचा हिरा त्याच्या हाती लागला, तो विलायतेत ‘नासक’ नावाने मिरवला. तेव्हा त्याच्याकडून एक वाक्य उचलावयाला आपल्याला संकोच वाटू नये.

मालकाची बाजू मी विसरलेलो नाही. विसरणार कसा? जुन्या वाड्याच्या मालकाइतका अडकलेला माणूस गावात दुसरा नसेल. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण चार टक्के कशावर? मूळ भाडे चहाच्या दोन कपांएवढे असेल तर वाढीत बिस्किटही येत नाही. त्या उत्पन्नात कौले चाळून घेणेही जमत नाही, मग तुळई कुठली बदलणार? पावसाळा आला की १९४९ च्या पालिका कायद्याच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटते. मालक ती वाचतो, भाडेकरू ती वाचतो, आणि दोघेही एकमेकांकडे पाहतात. कोणी हलत नाही. कारण जो आधी हलेल त्याचा हक्क जाईल अशी दोघांचीही समजूत. वास्तविक इमारत जमीनदोस्त झाली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे. पण हे निकाल गल्लीपर्यंत येईतो दोन पावसाळे जातात, आणि एखाद्या श्रावणात रात्री भिंत कोसळते. जुन्या नाशकात वाडा पडल्याची बातमी ज्या पावसाळ्यात आली नाही असा पावसाळा मला आठवत नाही. कधी माणसे वाचतात, कधी नाही.

तेव्हा ‘दर्जा द्या’ म्हणणाऱ्याने ‘पैसे कुठून आणा’ हेही सांगितले पाहिजे. नुसती निळी पाटी ठोकून मालकाला वाऱ्यावर सोडणे हा वारसाप्रेमाचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे आणि मला त्याची चीड आहे. न्यूयॉर्क शहराने हा प्रश्न आपल्याआधी सोडवला. तिथले पेन्सिल्व्हेनिया नावाचे भव्य रेल्वे स्थानक १९६३ पासून पाडले गेले, लोक हळहळले, आणि १९६५ साली शहराने आपल्या वास्तूंसाठी कायदा केला. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधू द्या म्हणून मालक कोर्टात गेले. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शहराचा निकाल उचलून धरला; आणि तो उचलताना एका गोष्टीची दखल घेतली, ती ही, की या जागेवर जे बांधता येत नाही त्याचा हक्क मालकाला जवळच्या दुसऱ्या जागेवर नेता येतो. आपल्याकडे बिल्डरांच्या तोंडी जो टीडीआर असतो तो हाच. मुंबईत वारसा इमारतींना तो मिळू शकतो. मग नाशकातल्या वाड्याच्या मालकाला तो सुरळीत मिळावा, आणि तो मोजताना पागेचे क्षेत्र धरले जावे, एवढे केले तर पागा मालकाच्या डोळ्यांत खुपणार नाही. आज ती त्याला आठ गाड्यांची जागा दिसते, कारण गाड्यांची किंमत होते आणि पागेची होत नाही.

राहता राहिले अभियंते. ‘जुनी इमारत टिकत नाही’ हे त्यांचे पालुपद. टिकत नाही ती जुनी म्हणून नव्हे. पुष्कळदा ती आपण केलेल्या डागडुजीने मरते. आपले वाडे सागवानी सांगाड्यावर उभे असतात. भिंत मातीची वा विटांची, भरीची. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, ओल आत आली तरी बाहेर पडते. त्यावर सिमेंट थापले की ओल आतच कोंडते, खांबाचा पाया कुजतो, वाळवी लागते. आणि मग साहेब येऊन म्हणतात, लाकूड गेले. खांबाचा कुजलेला बुंधा तेवढा कापून नवा तुकडा सांधावा, हे काम जाणणारे सुतार अजून आहेत. त्यांना काम नाही, म्हणून त्यांची पोरे प्लायवूडची कपाटे करतात. सरकारवाड्याकडे पाहा. गोदावरीचा पूर दरसाल दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढतो, मोठा पूर असला की सराफ बाजारात शिरतो. १९६९ चा पूर आमच्या वडीलमाणसांच्या तोंडून आम्ही ऐकत आलो. तो वाडा नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि उभा आहे. लक्ष दिले, हेच त्याचे रहस्य.

स्मारके बांधण्याची आपल्याला भारी हौस. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे, बाग आहे, कारंजी आहेत. सुट्टीच्या दिवशी पोरे तिथे आनंदाने हुंदडतात आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. पण याच गावात टिळकवाडीत कुसुमाग्रजांचे राहते घर जपले आहे. तिथे गेल्यावर पोरे आपोआप गप्प होतात, हे मी मास्तर म्हणून पाहिले आहे. कारंज्यापाशी जे सांगावे लागते ते त्या घरात सांगावे लागत नाही.

आता २०२७ चा सिंहस्थ डोक्यावर आहे. सिंहस्थ आला की नाशकात रस्ते रुंद होतात, हे आम्ही २००३ ला पाहिले, २०१५ ला पाहिले. रुंद रस्ते हवेत. चेंगराचेंगरीत माणसे मरावीत असे कोणाला वाटेल? पण नकाशावर रेघ ओढणाऱ्याच्या हातात त्याआधी एक यादी असावी, आणि त्या यादीत वाड्यांची नुसती नावे नसावीत, त्यांची आवारे असावीत. यादी करावयाला परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत. आमच्या शाळेतली नववीची पोरे फीत, वही आणि दोन सुट्ट्या एवढ्या भांडवलावर एका पेठेतली विहिरी, पागा, गोठे, देवड्या मोजून देतील. त्यांची भूमितीही पक्की होईल, हा वरचा फायदा.

त्या वाड्याच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे. पहिल्या बैठकीत ठरले त्याप्रमाणे त्यात ‘दर्शनी इमारत’ असे शब्द होते. ते मी खोडले आणि ‘दोन चौकी वाडा, परसातील विहीर व पाच खणी पागा यांसह’ असे लिहिले. दोघांनी सही केली, एक गृहस्थ विचार करून सांगतो म्हणाले, मालकांपैकी थोरल्यांनी पागेच्या खणांचे क्षेत्र टीडीआरमध्ये धरणार का असे विचारले आहे. घराच्या एका जुन्या कागदावर मागच्या बांधकामाची नोंद ‘पडीक शेड’ अशी आहे. ती आधी दुरुस्त करून घ्यावी लागेल, म्हणून पागेची मापे पुन्हा घेतली. लांबी एकेचाळीस फूट, रुंदी चौदा, आढे शाबूत, कौले निम्मी फुटलेली, खुंटे अकरा.